बाटलीवरचं नाव

कोंडाणे, बौद्धवाडी
३ जानेवारी १९८३

जया,

जय भीम. पत्राच्या वरती आशीर्वाद लिवायचा असतो ते मला ठाऊक हाय. या खेपेला लिवत नाय.

तुमची गाडी गेल्यापासून मी कुणाच्या ओट्यावर बसलो नाय. भिवपुरीच्या वीजघरात पाळीला जातो, परत येतो, ते बी शेताच्या बांधावरनं, म्हंजे सोमाचं घर लागत नाय. तुझी मामी इचारते, असं चोरासारखं का चालता? तिला काय सांगू?

दिवाळीत तू आलीस. म्हणलीस, मामा, माझ्या अभ्यासाला माणसांचं रगत लागतंय, थोडंसंच. अंगात रोगाशी लढणारी ती अँटिबॉडी घोड्यात असते, शेळीत असते, उंदरात असते, माणसात बी असते. ती बनवायची रीत लाखो वर्सांत कशी बदलत आली ते तुमी हुडकताय. मला कळलं तेवढं मी घरोघर जाऊन सांगितलं. माणसं भीत होती. ठकूआजी म्हणली, रगत काढून इकत्यात. मी म्हणलो, माझ्या बहिणीची पोर हाय, मोतीबाईची जया, ती असं करंल का? माझ्या शब्दावर सगळी वाडी बाह्या वर करून उभी राहिली.

मग गेल्या महिन्यात तुमची गाडी आली. तुझे सर टेबलाशी बसले होते. नाव इचारलं, वय इचारलं, आजार इचारला. माझं रगत काढून झालं तसा मी बाटलीवरला कागद वाचला. सातवी शिकलोय मी. वर माझं नाव, खाली वय, आन त्याच्या खाली ते नाव. छपन्न साली तुझ्या आईनं आन मी जे टाकून दिलं, ते. ते मी हितं लिवणार नाय. माझ्या हातनं ती अक्षरं उमटायची नाय.

सोमाची बाटली बघितली, तेच. ठकूआजीची बघितली, तेच. गावातल्या मराठ्यांना सरांनी इचारलं, तुमची जात काय लिहू? आगऱ्यांना इचारलं. आमाला इचारलं नाय. आमचं आधीच लिवून आणलेलं.

कर्जत ठेसनावरल्या गजा टांगेवाल्याच्या घोडीचं रगत तुमी घेतलं, त्या बाटलीवर घोडा लिवलं. मामीच्या शेळीचं घेतलं, त्यावर शेळी लिवलं. मग आमच्या बाटलीवर माणूस लिवायला काय झालं होतं?

आन जेवण झाल्यावर सर म्हणले लेणी बघू. वाट मीच दाखवली. खांबावरनं हात फिरवत सर सगळ्यांना सांगत होते, बौद्ध भिक्खूंनी डोंगर कसा कोरलाय बघा. खाली त्यांच्या गाडीत बौद्धांचं रगत त्या नावाखाली ठेवलेलं.

ते रगत मला परत पायजे. सगळ्यांचं. मी मागून घेतलं, मीच ज्याचं त्याला परत करीन.

तुझा मामा,
श्रीपत


मुंबई
१० जानेवारी १९८३

ती. मामांस,

जय भीम. तुमचं पत्र प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर हातात पडलं. वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

तुम्हाला वाईट वाटलं हे मला समजतं. पण सरांचा हेतू तसा नव्हता. मी माझ्या परीनं समजावून सांगते.

घोडा, शेळी, उंदीर, माणूस, पिल्लाला दूध पाजणारे हे सगळे प्राणी फार फार मागे एकाच पूर्वजापासून फुटले. अँटिबॉडी बनवण्याच्या जनुकांचे थोडेसे तुकडे त्या पूर्वजाकडे होते. पिढ्यांमागून पिढ्या त्या तुकड्यांच्या नकला होत गेल्या. काही नकला कामाला आल्या, काही बिघडल्या, आणि बिघडलेल्यासुद्धा आपल्या अंगात अजून तशाच पडून आहेत. घोड्यानं एक प्रकार वाढवला, उंदरानं दुसरा. मी त्यांची तुलना करते. माझं काम ते आहे.

सरांचं काम त्याच्या पुढचं. माणसामाणसांत या जनुकांत बारीक फरक असतात. कुठला फरक किती जणांत आहे ते मोजायचं तर गट पाडावे लागतात. सर म्हणतात, लग्नं ज्या वर्तुळात होतात तो गट. धर्म बदलला तरी लग्नं पूर्वीच्याच वर्तुळात होतात, म्हणून जुनं नाव लिहावं लागतं. त्यात कमीपणा दाखवायचा नाही, ती नुसती खूण आहे.

रक्त परत देता येणार नाही. ते फिरवून त्यातलं पाणी वेगळं काढून, तेच कागद लावलेल्या छोट्या नळ्यांत गोठवलं आहे.

मामा, तीन वर्षांचं काम आहे माझं. सर नाराज झाले तर ते तिथंच थांबेल. कृपा करून वाडीत हा विषय वाढवू नका.

मामींना नमस्कार.

तुमची,
जया


कोंडाणे
१७ जानेवारी १९८३

जया,

विषय वाढवू नका म्हणतेस. मी पयल्या पत्रात अर्धाच लिवला होता. आता सगळा लिवतो.

त्या दिवशी तू गाडीतनं उतरलीस. मी पुढं झालो. तू सरांना म्हणलीस, हे श्रीपतराव, इथले ओळखीचे गृहस्थ.

तुझी आई गेली तेव्हा तू सहावीत होतीस. त्या दिवसापासनं माझ्या घरात वाढलीस. कर्जतच्या शाळेला मी तुला सायकलवर पुढं बसवून नेत होतो. ओळखीचे गृहस्थ.

मी काय बोललो का? नाय बोललो. मामी चुलीपासनं उठून दारात आली होती, तू तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलंस. तिला तेवढ्यात समजलं. तिनं ठकूआजीच्या कानात सांगितलं, आजीनं बाकीच्यांना. पोरीची कायतरी अडचण असंल, कुणी तिला नावानं हाक मारू नका. दिवसभर कुणी मारली नाय. जिनं तुला न्हाऊ घातलं ती ठकूआजी तुला बाई म्हणली. तू सुई टोचलीस तिला, आन ती म्हणली, हळू वो बाई.

सगळी वाडी तुझ्यासाठी गप्प बसली. आन तू आमच्यासाठी एक शब्द बोलली नायस. कागद तू बी वाचले असशील. बाटल्या तूच लावत होतीस.

आता तुझ्या सरांचं. लग्नं त्याच वर्तुळात होत्यात म्हणतात. आमी करत नाय का दुसरीकडं? कोण करू देतं? त्यांना इचार, त्यांची मुलगी देतील का सोमाच्या पोराला? वर्तुळ आमी नाय आखलं. आमाला त्यात कोंडायचं, आन मग आत हायत म्हणून बाटलीवर लिवायचं. हे शास्त्र असंल तर ते गावच्या पाटलाला बी येत होतं. त्यासाठी मुंबईला शिकायला कशाला जायला लागतं?

नुसती खूण हाय म्हणतेस. मग ती खूण तुझ्या स्वतःच्या बाटलीवर लावून घे.

श्रीपत


मुंबई
२१ फेब्रुवारी १९८३

ती. मामांस,

महिना उलटून गेला. तुमचं पत्र मी पेटीत तळाशी ठेवलं होतं. उत्तर लिहायला तीन वेळा बसले आणि फाडून टाकलं.

तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. माझं आडनाव जाधव. लोक ऐकून आपापल्या सोयीचं समजतात. इथं आल्यावर सगळ्यांनी जे समजून घेतलं ते मी खोडलं नाही. हळदीकुंकवाला बोलावलं, गेले. जेवताना डबे एकमेकींत फिरायचे, माझाही फिरायचा. मला वाटलं, काम पुरं होऊ दे, पदवी हातात पडू दे, मग सांगीन. गाडी आपल्या वाडीत थांबली तेव्हाही तेच मनात होतं, मामा. कागद मी वाचले होते. तोंड उघडलं तर सगळंच उघडं पडेल, म्हणून गप्प राहिले.

तुम्ही रागावलात म्हणून मी आधी तुमच्यावर चिडले. तुम्हाला काय जातंय, तुम्ही वाडीत आहात, तिथं तुम्हाला कुणापासून लपावं लागत नाही, असं मनात आलं. मग एक दिवस सरांच्या निबंधाचा मसुदा टाइप करायला माझ्याकडे आला. त्यात आपली वाडी त्या नावानं होती, आणि पुढं वाक्य होतं, या गटाचं रक्त हजारो वर्षं वेगळं राहिलेलं आहे. खालच्या आकड्यांत तसं काहीच नव्हतं. मराठ्यांत, आगऱ्यांत, आपल्यात, सगळीकडे तीच चिन्हं सापडली आहेत, प्रमाण थोडं इकडेतिकडे. एकाच घरातल्या दोन भावांत फरक निघतो तेवढाच.

मी मसुदा घेऊन सरांकडे गेले. म्हटलं, हे वाक्य आकड्यांतून निघत नाही. आणि हे नाव त्या माणसांनी सांगितलेलं नाही, आपण न विचारता लिहिलं. ते हसले. म्हणाले, तू इतकी मनाला का लावून घेतेस? हा तुझा प्रश्न नाही.

मी म्हटलं, "सर, लेण्यांची वाट दाखवणारे ते श्रीपत माझे सख्खे मामा आहेत. माझी आई त्याच वाडीतली."

त्यांनी मसुदा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, "असं असेल तर या कामात तुझी तटस्थता राहिलेली नाही."

मी म्हटलं, "आणि तुमची?"

त्यांनी शीतपेटीची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी माझं टेबल भांडारातल्या खोलीत हलवलेलं होतं. डबा आता मी तिथंच खाते. जेवताना मला हाक मारायचं सगळ्यांनी थांबवलं.

ते वाक्य आणि ते नाव काढावं म्हणून संचालकांना मी अर्ज दिला आहे. विचार करू म्हणाले. रोज जाऊन विचारते, रोज तेच उत्तर.

लपून राहिले म्हणून तीन वर्षं माझा मान होता. आता अंगाची आग होते ती याचीच.

जया


कोंडाणे
६ मार्च १९८३

जया,

पत्र पोचलं. मामीला वाचून दाखवलं. ती भांडी घासायला गेली, आन घासलेलीच भांडी परत घासत बसली.

बुधवारी मी, सोमा आन ठकूआजी मुंबईला येतोय. तुला भेटायला नाय. रगत मागायला येतोय. फाटकावर बसू, देतील तोवर उठणार नाय. तू खाली आली नायस तरी चालंल. आमी तुझं नाव घेणार नाय.

श्रीपत


मुंबई
२२ मार्च १९८३

ती. मामांस,

जय भीम. तुम्ही गेल्यानंतर काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते.

रखवालदारानं तुम्हाला अडवलं तेव्हा मी वरच्या खिडकीत होते. माझ्या शेजारी प्रयोगशाळेतली सगळी मंडळी होती. कुणीतरी म्हणालं, मोर्चा आहे वाटतं. ठकूआजी पायरीवर पाय पसरून बसली होती. तुम्ही रखवालदाराला हात जोडून काहीतरी सांगत होतात आणि तो तुम्हाला मागे सारत होता. त्यानं तुमच्या छातीला हात लावला तेव्हा मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. मामा म्हणून ओरडले ते सगळ्या इमारतीनं ऐकलं असं नंतर शिपायानं सांगितलं.

तुम्ही मला जवळ घेतलं नाहीत. बाजूला सरून मला पायरीवर जागा दिलीत, एवढंच. मी तिथं बसले म्हणून संचालकांना खाली यावं लागलं, आणि आजच निकाल लावतो असा त्यांचा शब्द घेऊनच तुम्ही उठलात.

तुम्ही गेल्यावर त्यांनी सरांना आणि मला बोलावलं. सर म्हणाले, नमुने संस्थेचे आहेत, देणाऱ्यांचे नाहीत. संचालक म्हणाले, वर्तमानपत्रवाले फाटकावर यायच्या आत हे मिटवा. न्याय म्हणून नाही, मामा, कटकट नको म्हणून. रक्त असं बाहेर देता येत नाही, रोगाची भीती असते. तेव्हा ठरलं की वाडीच्या सगळ्या नळ्या नष्ट करायच्या आणि निबंधातून ते आकडे काढायचे.

नळ्या मीच बाहेर काढल्या. एकेक पाण्यात भिजवून वरचा कागद सोलून काढला आणि मगच वाफेच्या यंत्रात ठेवली. निदान शेवटी तरी त्यांच्यावर ते नाव नको होतं.

सरांनी माझं मार्गदर्शन सोडलं आहे. या महिन्यानंतर मला इथं जागा नाही.

एक लिहू का? मला तुमचाही राग येतो. महिनाभर मी एकटी दारोदार बोलत होते, कुणी ऐकलं नाही. तुम्ही तिघं येऊन पायरीवर बसलात आणि दुपारपर्यंत झालं. मग मी एवढं शिकून काय मिळवलं?

जया


कोंडाणे
४ एप्रिल १९८३

जया,

तुझी जागा गेली ते वाचून मी वीजघरात फोरमनशी भांडलो. त्याचा काय संबंध नव्हता. आठ दिवसांत तीन माणसांशी भांडलोय. तुझ्या सराचा मला इतका राग येतो की जेवण जात नाय. आमचं रगत उकळून टाकलं, तुला बाहेर काढली, आन तो तिथंच बसलाय, खुर्ची बी हलली नाय त्याची.

शिकून काय मिळवलंस इचारतेस. त्या कागदातलं वाक्य खोटं हाय ते आमाला कुणी सांगितलं असतं? आमी पायरीवर बसलो ते नावासाठी. आकडे आमाला वाचता येत नाय. ते तू वाचलंस.

घरी परत ये असं मी लिवणार नाय. मामीनं लिवायला सांगितलंय, तरी लिवणार नाय. हितं येऊन शेळ्या वळशील? दुसरा सर बघ. घोड्याचं उंदराचं जे काय हुडकत होतीस ते हुडक. ते सोडलंस तर मातर मी खरंच तुझ्याशी बोलणार नाय.

मामा


पुणे
१२ नोव्हेंबर १९८३

ती. मामांस,

सप्रेम जय भीम. पुण्यात येऊन आता पावसाळा उलटला. सहा ठिकाणी अर्ज केले होते, सरांचं शिफारसपत्र नाही म्हणून पाच ठिकाणांहून नकार आला. इथल्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, तिथून का निघालीस? मी सगळं सांगितलं, आपल्या वाडीपासून. त्या म्हणाल्या, कामाला लाग. माझी बाजू घेतली असं नाही, त्या कडक आहेत, रोज चुका काढतात. पण माझं टेबल सगळ्यांच्यात आहे.

काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं आहे. या वर्षात एक गोष्ट मात्र मला नीट समजली. आईबापांकडून लेकराला अँटिबॉडी तयार मिळत नाही. आईची मिळते ती थोड्या महिन्यांत संपते. जन्माबरोबर मिळतात ते फक्त जनुकांचे तुकडे. ते कापून, जुळवून, आपली अँटिबॉडी प्रत्येक शरीर आपल्या हयातीत स्वतः बनवतं. घोडा असो, उंदीर असो, माणूस असो. बापाला देवी येऊन गेल्या म्हणून मुलगा वाचत नाही, त्याला त्याची लढाई स्वतःच करावी लागते. ज्या जनुकांवरून सर कुळं लावत होते, त्या जनुकांचं कामच मुळी रोज नवं जोडायचं आहे. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त चीड येते ती याची.

आता विचारते. मला पुन्हा माणसांचे नमुने लागणार आहेत. दुसऱ्या गावी जाऊ शकते, पण मला आधी आपल्या वाडीला विचारायचं आहे. या वेळी जात लिहायची नाही. ज्याला जे नाव लावायचं ते तो सांगेल, नसेल लावायचं तर नाही. येऊ का? तुम्ही लोकांशी आधी बोलून ठेवाल का?

तुमची भाची,
जया


कोंडाणे
१ डिसेंबर १९८३

चि. जया हिस आशीर्वाद.

ये. माघी पुनवेच्या आसपास ये, तोवर भाताची झोडणी उरकलेली असते, माणसं घरी असतात.

पण मी कुणाशी बोलणार नाय. मागल्या खेपेला वाडीनं माझ्या शब्दावर हात पुढं केला आन माझा शब्द खाली पडला. तो मी परत उचलून तुला देणार नाय. घरोघर तूच फीर. कोण हायस ते तूच सांग. कुणी दार लावलं तर दाराबाहेर उभी राहा, मी काय करणार नाय. त्या दिवशी मी पाळी मागून घेईन आन भिवपुरीला जाईन. मी समोर असलो तर लोकं माझ्या तोंडाकडं बघून हो म्हणतील. ते मला नको हाय.

मामी म्हणते जेवायला घरीच ये. ते तिचं ती म्हणते.

मामा


पुणे
२४ फेब्रुवारी १९८४

ती. मामांस,

जय भीम. तुमची पाळी सुटायच्या आधी मला गाडी गाठायची होती, म्हणून भेट झाली नाही. तुम्ही मुद्दाम दुहेरी पाळी घेतलीत असं मामी म्हणाल्या. तेव्हा काय झालं ते कागदावरच सांगते.

सोमाकाकांच्या घरापासून सुरुवात केली. ते ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, काका, मी मोतीबाईची जया. ते म्हणाले, माहीत हाय, मागल्या वेळी बी माहीत होतं. आणि उठून आत गेले. मी उभी राहिले. ते परत आले नाहीत.

पुढच्या दोन घरांनी नाही म्हणून सांगितलं. एका घरात बाईनं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि नाहीच म्हणाली. विहाराच्या मागच्या आळीत काही तरुण मुलांनी रक्त दिलं. कागदावर काय लिहू विचारलं तर एकानं बौद्ध सांगितलं, एकानं काहीच नको म्हणून सांगितलं, एकानं नुसतं कोंडाणे लिहायला लावलं. जसं सांगितलं तसं लिहिलं.

मामींनी जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, सुकट. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, जेव पोटभर, पण माझं रगत मागू नको. मी मागितलं नाही. जेवताना माझ्याच्यानं वर बघवलं नाही.

शेवटी ठकूआजीकडे गेले. खरं तर जाणार नव्हते, तिला आता दिसतही कमी. पण तिनंच पोराला पाठवून बोलावलं. मी समोर बसले. म्हणाली, काय लिवलंस ते आधी वाच. मी म्हटलं, आजी, अजून काही लिहिलं नाही, तू सांगशील ते लिहीन. तिनं सांगितलं, ठकूबाई. पुढं काही नको. मी लिहिलं. म्हणाली, वाच. मी वाचलं. तिनं सुनेला हाक मारली, कागद तिच्या हातात दिला, तिच्याकडूनही वाचून घेतला. मग मला परत एकदा वाचायला लावलं.

दंडाला पट्टी बांधताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आजी, माझ्यावरचा राग गेला का गं?

तिनं हात माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "राग हाय तेवढाच हाय. सुई लाव."

तुमची,
जया